‘सगळे मॉड साफ करा’ म्हणे! काहून बे?

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात घराबाहेर कोण पडतं? पोरं कूलरसमोर बसून स्कायरिम हा कॉम्प्युटर गेम खेळतात आणि एकमेकांना हा मेसेज ढकलतात: ‘एसएसई-एडिटमध्ये सगळे मॉड साफ करा. क्रॅश बंद, एफपीएस वाढेल, बिघडलेला सेव्ह दुरुस्त होईल. लाल दिसेल तो मॉड उडवा.’ मला आतापर्यंत चौघांनी पाठवला. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले फेरफार, एसएसई-एडिट म्हणजे त्या मॉडच्या फायली उघडून साफ करायचं टूल, एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, आणि सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला ते साठवलेली फाइल.

क्रॅशचं अर्धं खरं आहे, म्हणून आधी तेच. समजा एका मॉडवाल्याने खेळातलं एक पिंप डिलीट केलं आणि दुसऱ्या मॉडला त्याच पिंपाला हात लावायचा आहे. पिंपच नाही म्हटल्यावर गेम कोसळू शकतो. एसएसई-एडिट ते पिंप परत आणतं, बंद करून ठेवतं आणि उंची उणे 30000 करून पार पाताळात पाठवतं. दिसत नाही, पण आहे. अशी घाण खुद्द कंपनीच्या डॉनगार्ड, हार्थफायर्स, ड्रॅगनबॉर्न या जोड-भागांच्या फायलींतही आहे. त्या जरूर साफ करा. पण स्कायरिम.ईएसएम या गेमच्या मूळ फाइलच्या नादी लागू नका. तिच्यावर मास्टरच नाही, म्हणजे ती जिच्या आधारावर उभी आहे अशी दुसरी फाइलच नाही, तुलना कशाशी करणार? आणि डिलीट झालेला नॅव्हमेश, म्हणजे पात्रांचा चालायचा नकाशा, टूलच्या साफ करायच्या बटणाने दुरुस्त होत नाही.

एफपीएस? राजेहो, आयटीएम म्हणजे मास्टरमधल्याच नोंदीची जशीच्या तशी नक्कल. ती काढली तरी ग्राफिक कार्डाचं ओझं तेवढंच. सावल्या आणि टेक्स्चर कमी करा, फरक तिथे पडेल.

सेव्हचं तर सोडाच. हे टूल मॉडच्या फायली उघडतं, तुमची .ईएसएस, म्हणजे सेव्हची फाइल नाही. तिच्यासाठी रीसेव्हर हे टूल वेगळं.

खरा घोळ ‘सगळे’ या शब्दात आहे. त्रिमूर्तीनगरच्या माझ्या आतेभावाकडे प्रकाशाचा एक मॉड होता. त्याने गेममधल्या व्हाइटरन शहरातल्या खानावळीत नको इतका अंधार केलेला. वर एक छोटा पॅच होता, जो तिथला मूळ उजेड परत आणायचा. मूळचाच आकडा, म्हणजे नोंद मास्टरसारखीच. टूलच्या नजरेत आयटीएम. भाऊने क्विक ऑटो क्लीन, म्हणजे टूलची आपोआप सफाई, फिरवलं, पॅच रिकामा झाला, खानावळीत पुन्हा काळोख. नशीब, टूल साफ करण्याआधीची प्रत बॅकअपच्या फोल्डरात ठेवतं. म्हणून मॉड तपासणारं ‘लूट’ नावाचं टूल ज्या फाइलला घाणेरडी म्हणेल तीच साफ करा, आणि मॉडवाल्याने ‘साफ करू नका’ लिहिलं असेल तर त्याचं ऐका.

राहिला लाल रंग. एसएसई-एडिटमध्ये उजव्या बाजूला रकाने असतात: त्यांत डावीकडे मास्टर, मग लोड ऑर्डरने, म्हणजे गेम ज्या क्रमाने मॉड उघडतो त्या क्रमाने, एकेक मॉड, सगळ्यात उजवीकडचा जिंकतो. लाल म्हणजे त्याच नोंदीवर दोघांचं पटत नाही. कधी ते मुद्दामच असतं, वरच्या पॅचसारखं. आतेभावाने लाल बघून चार मॉड काढले होते, तेही चालू सेव्हमधून. तो सेव्ह आता उघडतच नाही.