शिकवलेला माणूस निघून जातो, म्हणून शिकवायचंच नाही?

आयटीतल्या मॅनेजर मंडळींमध्ये एक युक्तिवाद कायम फिरत असतो: ट्रेनिंगवरचा पैसा पाण्यात जातो, बाजारात खपणारं कौशल्य शिकवलं की माणूस ते घेऊन निघून जातो, म्हणून शिकवायचं तर कंपनीच्या कामापुरतंच, बाकीचं इंटरनेटवर फुकट आहेच. यातला एकही मुद्दा तपासणीत टिकत नाही.

आधी पैशाचं. संशोधक रवी बापना आणि सहकाऱ्यांनी भारतातल्याच एका मोठ्या आयटी कंपनीतल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात प्रशिक्षणाच्या प्रत्येक वाढीव एककामागे कामगिरी २.१४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कामगिरी म्हणजे इथे कंपनीनेच दिलेलं रेटिंग. ते उत्पादकतेचं अचूक माप नव्हे, हे मान्य. पण बढती आणि पगारवाढ त्याच रेटिंगवर ठरते, मग फक्त ट्रेनिंगचा विषय निघाला की ते अविश्वसनीय कसं?

'कामापुरतंच शिकवा' हा सल्ला तर सरळ उलटा पडतो. त्याच अभ्यासात कामगिरी सुधारली ती दुसऱ्या कंपनीतही चालेल अशा सर्वसाधारण प्रशिक्षणाने. केवळ त्या कंपनीपुरत्या प्रशिक्षणाचा तसा फायदा दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. क्लायंट बदलतो, प्रोजेक्ट संपतो, माणूस बेंचवर येतो, म्हणजे पुढच्या कामाची वाट पाहत बसतो, तेव्हा जुन्या प्रोजेक्टचं अंतर्गत टूल उपयोगाला येत नाही. डेटाबेसची पक्की समज मात्र उपयोगाला येते. अर्थात, वाटेल तितके कोर्स लादा असाही याचा अर्थ नाही. तांत्रिक प्रशिक्षण आणि क्लायंटच्या व्यवसायक्षेत्राचं प्रशिक्षण वेगवेगळं उपयोगी ठरलं, पण दोन्ही एकत्र दिल्यावर एकूण फायदा त्यांच्या बेरजेपेक्षा कमी राहिला.

निघून जाण्याचं म्हणाल, तर व्यवस्थापनाचे प्राध्यापक पीटर कॅपेली यांनी २००४ मध्ये अमेरिकन कंपन्यांबद्दल मांडलेला निष्कर्ष वेगळाच आहे: कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाची फी भरणाऱ्या कंपन्यांकडे अधिक चांगली माणसं येतात आणि ती सवलत वापरण्यासाठीही जास्त काळ थांबतात.

राहिलं 'फुकट आहेच'. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत मात्र ४६ टक्क्यांनी. दिवसभर डेडलाइनमागे धावणाऱ्या माणसाला 'रात्री घरी बसून शीक' म्हणणं म्हणजे खर्च वाचवणं नाही, तो त्याच्या झोपेवर टाकणं आहे. कामाच्या वेळेतले आठवड्याचे दोन-तीन तास त्याला द्या आणि ते तास प्रोजेक्टच्या वेळापत्रकात आधीपासून धरा.