होडीचा मालक दोरी धरून उभा आहे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या माझ्या होडीचा फोटो फिरतोय. फोटो झकास आलाय. मागे मांडवी, फेरीबोट, फेरीबोटीवर पिकअप, पिकअपवर माझी नवीकोरी होडी आणि होडीच्या मधल्या फळीवर छत्री उघडून, चष्मा कपाळावर चढवून बसलेले एक गृहस्थ. ते मी नव्हे. मी उजव्या कोपऱ्यात आहे, तोही अर्धाच, हातात दोरी. फोटोखाली लिहिलंय, 'नव्या होडयेचीं परबीं, बाब!', म्हणजे नव्या होडीबद्दल अभिनंदन. त्याखाली अंगठे, नारळ, जोडलेले हात, आणि एकानं तर विचारलंय की तो दोरीवाला माणूस कुठला, आमचे माड पाडायचे राहिलेत, पाडेली मिळत नाही, हा येईल का.

तर होडी माझी आहे. हे एकदा कुठेतरी लेखी असावं म्हणून हा प्रपंच.

मालवणहून घेतली. फायबरची, १६ फुटी, पांढरी, काठाला निळा पट्टा. कशाला घेतली हा प्रश्न घरात विचारून झालाय, उत्तर देऊन झालंय, ते मान्य झालेलं नाही, पुढे. पिकअपचा हौदा नऊ फुटांचा, होडी १६ फुटांची, म्हणजे नाळ ड्रायव्हरच्या डोक्यावर टपावर आणि मागचा भाग रस्त्यावर लोंबकळत, त्याला लाल फडकं बांधायचं म्हणून हिनं ओटीत आलेला लाल ब्लाउजपीस दिला. हा ब्लाउजपीस आमच्या नात्यात कैक वर्षं फिरतोय, कुणी शिवत नाही, पुढच्या ओटीत घालतात. त्याचा कुणाला उपयोग झाला तो पहिल्यांदा बांद्याच्या पुढे, पत्रादेवीला, मागच्या ट्रकवाल्याला.

वाटेत लोकांनी दोनच गोष्टी विचारल्या. म्हापशाला सिग्नलवर पिकअप थांबला की माणसं टाचा उंचावून होडीत डोकवायची, 'नुस्तें आसा?' म्हणून. एका बाईनं तर पिशवी उघडून ठेवली होती, बांगडे नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. आणि दुसरा प्रश्न, पाण्यातून का नाही आणली. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतायत, बाजूला हेल्मेटातला एक माणूस काच वर करतो आणि म्हणतो, 'पाण्यांतल्यान कित्याक हाडूंक ना?' पहिल्या एकदोघांना मी समजावलं की बाबा इंजिन अजून खोक्यात आहे, बंदर कप्तानांच्या ऑफिसात नोंदणी व्हायचीय, मालवण ते आग्वाद उघडा समुद्र आहे, आणि आग्वादची बार म्हणजे नदीच्या तोंडाशी साचलेली वाळू, पावसाळ्यात खनिजाच्या बार्जीसुद्धा तिच्या वाटेला जात नाहीत, कुंभारजुव्याच्या कालव्यानं वळसा घालून मुरगावला जातात. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, 'तरी पूण.' या 'तरी पूण'ला उत्तर नसतं.

असो. जुन्या गोव्याला पोचलो तोवर दुपार कलली होती. आमच्या दिवाडी बेटाच्या फेरीला जायचं तर व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावं लागतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी वास्को द गामाच्या पणतवानं ती पणजोबांच्या नावानं उभी केली, नवा व्हाइसरॉय नदीतून आला की याच कमानीतून शहरात शिरायचा आणि त्याला शहराच्या किल्ल्या द्यायचे. आम्ही उलट्या दिशेनं, शहरातून नदीकडे चाललो होतो, आणि किल्ल्यांच्या ऐवजी मागच्या टेम्पोवाल्याचा हॉर्न. ड्रायव्हर कुडाळचा, गाडी फेरीत घालायची हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच, रॅम्प बघून म्हणतो, 'माका पेवूक येता, गाडयेक नाय येना.' म्हणजे मला पोहता येतं, गाडीला नाही.

आणि इथे, रांगेत आमच्यापुढे, स्कूटरवर बाब.

सत्तरीचे. अर्धी चड्डी, वर कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, टोपीवर सोनेरी नांगर. गोव्यात जन्मलेल्याला तारवटी ओळखायला एवढं पुरतं. बोटीवर आयुष्य काढलंय हे सगळ्या दिवाडीला ठाऊक, बोटीवर नेमकं काय करत ते कुणालाच नाही, आणि आता विचारायची सोय उरलेली नाही कारण ते स्वतःच सगळ्यांना प्रश्न विचारतात. स्कूटर स्टँडला लावून ते आले, पिकअपभोवती एक पूर्ण फेरी मारली, मागे हात बांधून.

"कोणाची?"

"माझी, बाब."

"तुझी ते दिसतंय तोंडावरून. बांधली कोणी?"

"मालवणला बांधलीय."

"मालवण," एवढंच म्हणाले आणि असा सुस्कारा सोडला की मला वाटलं मालवणात कुणीतरी गेलंय. मग बोटाच्या पेरानं तळावर टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक. "फायबर. फायबर म्हणजे मोठी बालदी रे. लाकूड बोलतं, ही बोलत नाही." मी म्हटलं न बोलणारीच हवी होती, ते हसले नाहीत.

"कितल्याक पडली?"

आता हा प्रश्न. मी खरी किंमत सांगत नाही, हे शहाणपण मी फ्रिज घेतला तेव्हाच शिकलो, पंधरा हजार कमी करून सांगितली. "चड दिले," बाब लगेच. अहो पण कमी करून सांगितलीय ना मी! हे बोलता येत नाही. मग त्यांनी रांगेतल्या बाकीच्यांना विचारायला सुरुवात केली, तुम्ही सांगा हिचे किती द्याल, आणि लोक खरंच सांगायला लागले. रांगेत उभ्या कॉलेजच्या पोरी, मिरचीची गोणी घेतलेला एक दुकानदार, सायकलवर पावांची टोपली घेऊन उभा असलेला पोदेर, त्यानं तर पों-पों वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि मग भाव सांगितला. सगळ्यात कमी त्याचाच. मी माझ्याच होडीच्या लिलावाला उभा होतो आणि बोली खाली खाली चाललेली.

"नाव काय?"

मी माझं नाव सांगितलं.

"तुझं कोणाला हवंय. तिचं."

"अजून ठेवलं नाही, बाब. घरी वाद चालू आहे."

"म्हणजे बिननावाची होडी तू मांडवी पार करून नेतोस?"

"पण ती पाण्यात कुठे आहे, पिकअपवर आहे ना."

"पिकअप कशावर?"

"फेरीवर जाईल."

"फेरी कशावर?"

"पाण्यावर."

"मग?"

मी ड्रायव्हरकडे बघितलं, तर तो मान हलवत म्हणतो, "बरोबर आसा." भाडं मी देतोय, आणि हा बरोबर त्यांचं.

फेरी लागली. पिकअप रॅम्पवर चढताना मागचा लोंबता भाग सिमेंटला घासतो की काय म्हणून मी दोरी ओढून धरली (फोटोतली दोरी ती हीच), आणि तेवढ्यात बाब म्हणाले, "धर जरा." मला वाटलं छत्री धरायचीय. त्यांनी माझा हात धरला, मग खांद्यावर हात ठेवला, मग, मी खोटं सांगत नाही, डोक्यावर, आणि सत्तरीचा माणूस चटाचट चढून माझ्या होडीत. मधल्या फळीवर कुठे ओलं आहे का ते हात फिरवून बघितलं, बसले, छत्री उघडली. मी स्वतः त्या फळीवर अजून बसलो नव्हतो. मालवणला विकणारा म्हणाला होता बसा साहेब, फोटो काढतो, तर मी म्हटलं नको, पहिल्यांदा आपल्या नदीत बसेन.

"इंजिन कितक्याचं?" वरून.

"९.९ हॉर्सपॉवर."

"दहा का नाही?"

"९.९च येतं बाब, कंपनीच तसं काढते."

"मग पॉइंट एक कोणी खाल्लो?"

अख्खी फेरी हसली. गोव्यात पॉइंट एक कुणी खाल्ला म्हटलं की प्रत्येकाला आपापलं कुणीतरी आठवतंच, त्यामुळे तो विनोद पाण्याच्या मध्यापर्यंत पुरला.

नदी ओलांडायला तशी काही मिनिटंच लागतात. पण बाब वर बसून फेरी चालवत होते. ओहोटी लागलीय, वरच्या अंगानं घे, असं ते केबिनकडे बघून ओरडायचे, आणि मधल्या वेळात मला माहिती. कुंभारजुव्याच्या कालव्यात माणगे, म्हणजे मगरी, आहेत, ठाऊक आहे? ठाऊक आहे म्हटलं. दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाचा माणगो करून पुजतात, तू पुजतोस? नाही म्हटलं. "मग होडी कशाच्या जिवावर घेतली?" समोर दिवाडी येत होती. याच बेटावरचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदीपलीकडे नार्व्याला न्यावा लागला, पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्यानं बांधायला लावलं, एवढा इतिहास झाला, पण देव पलीकडे नेणाऱ्यांना कुणी मधल्या पाण्यात 'कितल्याक पडली' विचारल्याची कुठे नोंद नाही. त्यांच्या होडीत परका माणूस छत्री घेऊन बसला नव्हता.

तेवढ्यात कॉलेजच्या पोरींपैकी एकीनं मोबाइल काढला. "बाब, हांगा पळयात!" बाबांनी बघितलं. मीही बघितलं, पण ते कामाला आलं नाही.

खरं सांगू, फोटोचं एवढं नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. या नदीच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाला होडीतलं कळतं, भाव कळतो, लाकूड कळतं, वारा कळतो, आणि होडी घरात एकाकडे नाही. आजोबांच्या वेळी होती, ती कुजली, तिची फळी गोठ्याला लागली. होडी लावायच्या जुन्या पायऱ्या शोधायला गेलो तर कुठे घराचा राडारोडा टाकलेला, कुठे कुणाचं कुंपण थेट पाण्यात उतरलेलं. पणजीला कॅसिनोंची मजल्यांवर मजले चढवलेली जहाजं नदीत आडवी उभी आहेत, त्यांना कुणी विचारत नाही पाण्यातून का आणली नाही, कितल्याक पडली, नाव काय. १६ फुटी होडीला मात्र अख्खं गाव चौकशी समिती. जाऊ दे. ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे.

तर बाब. उतरायची वेळ झाली तेव्हा ते होडीच्या मागच्या टोकाशी वाकले होते. "हें कितें? बुराक!"

"पाणी काढायचं भोक आहे बाब. होडी वर ओढली की आतलं पाणी त्यातून जातं. त्याला बूच आहे."

"बघू." त्यांनी बूच फिरवून काढलं. पितळेचं, आटे असलेलं, अंगठ्याएवढं. उन्हात धरलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आट्यांवरून नख फिरवलं. "वायसर बरोबर नाही याचा." नवीन आहे म्हटलं. "नवीन असलं म्हणून?" इतक्यात रॅम्प पडला, मागून सगळे हॉर्न, त्यांचीच स्कूटर वाटेत उभी, लोक ओरडायला लागले, मी डोकं पुढे केलं, त्यावर हात टेकवून ते उतरले, स्कूटर सुरू केली आणि सोनेरी नांगर मळारच्या वळणावर दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर नारळ, हळदकुंकू, उदबत्ती. हिनं रागात का होईना निरांजन आणलं होतं. शेजाऱ्यांनी हात लावला, होडी सरकत सरकत पाण्यात गेली, छान तरंगली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एक पाय आत टाकला, तो घोट्यापर्यंत पाण्यात. मागून कारंजं. ही म्हणाली, "हे असंच असतं का?" पुन्हा सगळ्यांनी ओढून वर काढली, आणि काढता काढता शेजारी काय म्हणावा, "बघ, पाण्यातून आणली असतीस तर तेव्हाच कळलं असतं."

म्हापसा बघितलं, पणजी बघितली, बेतीला बोटींचं सामान मिळतं तिथे बघितलं. बूच सगळ्यांकडे आहेत, या मापाचं सोडून. मालवणवाला म्हणतो होडीबरोबर दिलं होतं, आणि तो खोटं बोलत नाही. शेवटी बाबांचा नंबर मिळवून फोन लावला.

"आसा, आसा," बाब म्हणाले, "बूच माझ्याकडेच आहे, सुरक्षित आहे, काळजी करू नको. तो वायसर बदलायला हवा. आमचा एकजण बोटीवर आहे, रॉटरडॅमला लागली की तो घेणार आहे. तिथले वायसर वेगळे."

"बाब, तोपर्यंत जुनाच द्या ना."

"जुना घालून बुडालास तर नाव कोणाचं जाणार? माझं. सगळ्या गावानं फोटो बघितलाय."

यावर मी काय बोलणार होतो. मग म्हणाले येत्या रविवारी येऊन होडी एकदा नीट तपासतो, बरोबर त्यांचे दोघे जुने दोस्त आहेत, तेही बोटीवरचेच, जेवणाचं फार करू नका, नुसती कढी आणि तळलेलं काही असेल ते चालेल. आणि होडीचं नाव त्यांनी ठरवलंय. सांगत नाहीत, रविवारीच लिहिणार आहेत. मी फक्त निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवायचाय.