‘सोळा वर्षांच्या पोरांवर एवढी सक्ती कशाला?’ : ड्युअल क्रेडिट इंग्लिशवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी टेक्सासमधल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये ड्युअल क्रेडिट इंग्लिश शिकवते, म्हणजे अकरावी-बारावीची मुलं आपल्याच शाळेत बसून कम्युनिटी कॉलेजचा रायटिंगचा कोर्स करतात आणि त्याचं क्रेडिट हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरलं जातं. ऑगस्टमध्ये मी माझ्या वर्गाचे नियम लिहिले होते. काम उशिरा दिलं तर दिवसाला १० टक्के कापले जातात आणि ३ दिवसांनंतर घेत नाही, कच्चा ड्राफ्ट दिला नसेल तर फायनल वाचत नाही, मेल मुलांनी स्वतः करायचा, आईबाबांनी नाही, आणि दुसऱ्याकडून किंवा एआयकडून लिहून घेतलेलं स्वतःचं म्हणून दिलं तर शून्य मार्क आणि कॉलेजला रिपोर्ट.

त्यावर तुम्ही लिहिलंत की हे मिलिटरीसारखं आहे, पोरं सोळा वर्षांची आहेत, तुमच्या मुलीला (ती दुसऱ्या शाळेत आहे, माझ्या वर्गात नाही) आजवर इंग्लिशमध्ये ९५ च्या खाली कधी मिळाले नाहीत आणि ड्युअल क्रेडिटच्या पहिल्याच निबंधाला ७४ आले, ग्रामरची एक चूक नसताना, आणि टीचरला मेल केला तर ‘तिलाच लिहू द्या’ असं उत्तर आलं. शेवटी लिहिलंत की निदान मराठी माणसाने तरी आपल्या मुलांची बाजू समजून घ्यावी. या शेवटच्या वाक्यासाठीच मी एवढं लिहायला बसलेय, कारण मी मुलांच्या बाजूनेच आहे आणि हे नियम त्यांच्या बाजूने आहेत असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाचं बोलू, कारण हे कुणी धड सांगतच नाही. या कोर्सचं नाव आहे इंग्लिश १३०१. टेक्सासच्या कॉमन नंबरिंगमध्ये पहिला १ म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष आणि त्यापुढचा ३ म्हणजे तीन क्रेडिट आवर्स. राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिट्यांचं कोअर, म्हणजे सगळ्यांना सक्तीचा सामायिक अभ्यासक्रम, ४२ क्रेडिट आवर्सचं असतं, त्यात कम्युनिकेशनचे ६ आवर्स, आणि बहुतेक मुलांचे ते १३०१ आणि त्याचा पुढचा कोर्स १३०२ मधूनच पूर्ण होतात. म्हणूनच आपल्याकडचे सगळे पालक ‘घेऊन टाक, कॉलेजची फी वाचेल’ म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण जी ग्रेड पडते ती कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर पडते आणि तिथून ती निघत नाही. तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते, मेडिकल स्कूलचे अर्ज ज्या एएमकॅसमधून जातात तिथे हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सेससुद्धा जीपीएमध्ये धरतात, टेक्सासच्या स्वतःच्या सर्व्हिसमध्येही तसंच आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी मिळालेला सी बाविसाव्या वर्षी अर्जात तसाच दिसणार. त्या कागदावर तेव्हाचं वय लिहिलेलं नसतं.

आता हायस्कूलची सवय बघा. इथल्या कित्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये टेस्ट फेल झाली तर रीटेस्ट देऊन ७० पर्यंत मार्क नेता येतात, होमवर्क सेमिस्टर संपेपर्यंत टाकता येतं, आणि मुलं वर्षानुवर्षं त्यातच वाढलेली असतात. मी त्याच्या विरोधात नाही, तेरा वर्षांच्या मुलाला दुसरी संधी मिळायलाच पाहिजे. पण तीच मुलं ऑगस्टच्या एका सोमवारी त्याच बिल्डिंगमध्ये त्याच बाकावर बसतात आणि त्यांना कळतही नाही की हा तास कॉलेजचा आहे, भिंतीवर पोस्टर तेच, बेल तीच. ही सीमारेषा डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती मला नियमातून दाखवावी लागते, आणि पहिल्या आठवड्यातच दाखवावी लागते. कारण सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये बाराव्या क्लास-डेपर्यंत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच उमटत नाही, त्यानंतर सोडला की डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉ’ केल्याचा शेरा लागतो. मी पहिलं छोटं लिखाण पहिल्याच आठवड्यात घेते आणि त्या तारखेच्या आत तपासून परत देते ते याचसाठी, की ज्याला झेपणार नाही त्याला काही डाग न लागता बाहेर पडता यावं. तेव्हा गोड बोलून नोव्हेंबरमध्ये सी हातात ठेवणं हा मला त्या मुलावर अन्याय वाटतो.

ग्रामरची एक चूक नसताना ७४ का, यावर मला जरा जास्त बोलायचंय.

आपण ज्या पद्धतीने शाळेत निबंध शिकलो, म्हणजे प्रस्तावना, चार मुद्दे, मध्ये एक सुभाषित आणि शेवटी समारोप, गाईडमधून पाठ करून बोर्डात जसाच्या तसा उतरवायचा, त्याचंच इथलं भावंड म्हणजे पाच परिच्छेदांचा निबंध. मुलं तो इतका घोटून येतात की विषय कुठलाही द्या, साचा तयार असतो. १३०१ मध्ये नेमका तो साचा मोडायचा असतो. माझ्या रुब्रिकमध्ये, म्हणजे मार्क देण्याच्या तक्त्यात, भाषेची शुद्धता १०० पैकी १५ मार्कांची आहे. बाकीचे मार्क तू काय म्हणतोयस, ते कशाच्या आधारावर म्हणतोयस आणि जो तुझ्याशी सहमत नाही त्याला तुझ्याकडे काय उत्तर आहे, यासाठी.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका मुलीने शाळा उशिरा सुरू व्हावी यावर लिहिलं होतं. पहिलं वाक्य होतं की मानवी इतिहासाच्या सुरुवातीपासून शिक्षण हा समाजाचा पाया राहिला आहे. मग झोपेचं महत्त्व, मग अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नये असं सांगितलंय ते, मग शेवटी ‘म्हणून शाळा उशिरा सुरू झालीच पाहिजे’. स्पेलिंगची एक चूक नाही. मी कॉन्फरन्समध्ये तिला समोर बसवून एवढंच विचारलं, की डॉक्टर लोक इतकी वर्षं सांगतायत तर तुझी शाळा अजून लवकर का भरते? तिला माहीत नव्हतं. तिने डिस्ट्रिक्टच्या ट्रान्सपोर्टेशन ऑफिसला फोन केला, तो मी सांगितला नव्हता, आणि तिला कळलं की तीच बस आणि तोच ड्रायव्हर आधी हायस्कूलची मुलं सोडतो, मग मिडल स्कूलची, मग एलिमेंटरीची, आणि हायस्कूल मागे ढकललं तर कुणाला तरी पहाटे अंधारात स्टॉपवर उभं राहावं लागणार आणि ते बहुधा सात वर्षांचं पोर असणार. तिचा दुसरा ड्राफ्ट इथून सुरू झाला. ती अजूनही उशिराच्या बाजूनेच होती, पण आता तिच्याकडे बसेसच्या फेऱ्यांची उलटी मांडणी होती, जास्तीच्या ड्रायव्हर्सचा खर्च कुणी उचलायचा याचं उत्तर होतं, आणि ‘मानवी इतिहासाच्या सुरुवातीपासून’ हे वाक्य तिने स्वतःच काढून टाकलं होतं. पहिल्या ड्राफ्टला मी ७० च्या आसपास दिले असते. तो वाईट होता म्हणून नाही हो, त्यात तिचं स्वतःचं अजून काही आलंच नव्हतं.

म्हणून कच्च्या ड्राफ्टशिवाय मी फायनल घेत नाही. मुलं म्हणतात मॅम मी एका बैठकीत चांगलं लिहिते, आणि लिहितातही, पण या कोर्सला कॉलेजने जे तीन क्रेडिट दिलेत ते लिहून झाल्यावर पुन्हा विचार करण्याबद्दल दिलेत.

एआयबद्दल तुम्ही विचारलंत की डिटेक्टरने, म्हणजे लिखाण एआयचं आहे का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, चुकून माझ्या मुलीला पकडलं तर? तुमची ही भीती अगदी रास्त आहे आणि ज्या शाळा नुसत्या डिटेक्टरच्या टक्केवारीवर मुलांना शून्य देतात त्या चूक करतायत असं मी उघड म्हणते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे (इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्लिशच्या परीक्षेचे) ९१ निबंध, म्हणजे खऱ्या माणसांनी लिहिलेले, ७ डिटेक्टरमधून काढले तर सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले. ज्यांची पहिली भाषा इंग्लिश नाही, जे साधे ठरावीक शब्द वापरतात, त्यांच्यावरच ते मशीन आधी बोट ठेवतं. आपल्या घरात नुकतीच पुण्या-नाशिकहून आलेली मुलं असतात त्यांना हे लागू पडतं. मी डिटेक्टर वापरत नाही. मी गुगल डॉकची व्हर्जन हिस्टरी बघते आणि मुलाला बसवून विचारते, हे वाक्य का लिहिलंस, आधी इथे काय होतं. ज्याने लिहिलंय तो बोलायला लागतो, कधीकधी थांबतच नाही. तुमच्या मुलीला एवढंच सांगा की सगळं एकाच डॉकमध्ये लिही, दुसरीकडे लिहून पेस्ट करू नकोस. तिच्यावर कधी आळ आलाच तर तिचा साक्षीदार तो डॉक आहे.

आता आईबाबांच्या मेलचा मुद्दा, ज्याने तुम्ही सगळ्यात जास्त दुखावला आहात. यात थोडा कायदाही आहे. १९७४ चा फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा, म्हणतो की मूल कॉलेजमध्ये शिकायला लागलं की त्या रेकॉर्डवरचा हक्क मुलाचा, वय काही असो. पण तुमची मुलगी हायस्कूलमध्येही आहे, त्यामुळे १८ पूर्ण होईपर्यंत हायस्कूलकडचं तिचं रेकॉर्ड बघायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि ती टॅक्समध्ये तुमची डिपेंडंट असेल तर कॉलेजही तुम्हाला माहिती देऊ शकतं. शिवाय सिलॅबस लपलेला नसतो. टेक्सासमध्ये २००९ पासून कायदाच आहे की पब्लिक कॉलेजने तो वेबसाईटवर ठेवायचा आणि होमपेजपासून तीन क्लिकच्या आत सापडला पाहिजे. म्हणजे तुम्हाला अंधारात ठेवायचा कुणाचा हेतू नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी मी तेच म्हणेन. ‘माझे मार्क का गेले हे मला समजलं नाही, मी येऊन बोलू का’ हा मेल लिहिणं हेसुद्धा १३०१ चंच काम आहे. मी बघते ना, पहिल्या मेलला पोरांचे हात थरथरतात, ‘हे’ (Hey) लिहू की ‘डिअर प्रोफेसर’ इथपासून अडतात, आणि ऑक्टोबरपर्यंत तीच मुलं चार ओळीत मुद्द्याचं लिहायला लागतात. पुढे दोनशे-तीनशे जणांच्या लेक्चर हॉलमध्ये त्यांच्यासाठी मेल करायला आपण नसणार आहोत. बाबांनी लिहिलेला मेल आला की मूल त्या बोलण्यातून बाहेर पडतं, खुर्चीत मागे सरकून बसतं, आणि मग आम्ही दोन मोठी माणसं त्याच्या निबंधाबद्दल बोलत राहतो.

एका बाबतीत मात्र मी शंभर टक्के तुमच्याशी सहमत आहे. तुम्ही म्हणता की मुलीला कोर्सला बसवताना हे कुणीच सांगितलं नाही. हे फार चुकीचं आहे. टीएसआयची, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासाची तयारी बघणारी टेक्सासची परीक्षा दिली, निबंधाला ८ पैकी निदान ५ आणि बाकीच्या भागात ठरलेले मार्क मिळाले की पात्र, आणि लगेच सही करा असं होतं. २०२३ च्या नव्या कायद्यामुळे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना बऱ्याच कॉलेजांमध्ये हे कोर्स फुकट झालेत, फार चांगली गोष्ट आहे, पण ग्रेडचं कायमपण त्यांनाही तितकंच लागू आहे आणि त्यांच्या घरी ते समजावणारं बहुतेक वेळा कुणी नसतं. काउन्सेलरने सही घेण्याआधी आईबाप आणि मूल तिघांना समोर बसवून सांगायलाच हवं. तुम्ही तुमच्या शाळेत हा मुद्दा लावून धरलात तर मी तुमच्यासाठी मुद्दे लिहून देईन.

आणि उशिराचे मार्क कापण्याबद्दल, रात्री अकरापर्यंत ग्रोसरी स्टोअरमध्ये काम करणारी मुलं माझ्या वर्गात आहेत, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी आहेत. म्हणून सेमिस्टरमध्ये एकदा ४८ तासांची मुदत प्रत्येकाला आहे, कारण न विचारता. फक्त डेडलाईनच्या आधी मागायची.

आता ७४ चं काय करायचं ते. तिच्या सिलॅबसमध्ये ‘रिव्हिजन’ आणि ‘ऑफिस आवर्स’ हे दोन शब्द शोधायला सांगा, पुष्कळ टीचर एखादा निबंध सुधारून पुन्हा द्यायची मुभा देतात. जाताना टीचरच्या कॉमेंट्सचं प्रिंट न्यायचं आणि ‘मार्क वाढवा’ न म्हणता ‘दुसऱ्या परिच्छेदात माझा दावा तुम्हाला कुठे सुटला असं वाटलं’ असं विचारायचं. तुम्ही घरी तिला एकच मदत करा. निबंध मोठ्याने वाचायला लावा आणि जिथे तुम्हाला पटत नाही तिथे थांबवून ‘का?’ विचारा, मराठीत विचारा, तिला मराठीतच उत्तर देऊ दे. पहिल्या निबंधाचं वेटेज साधारण कमीच असतं, तेही सिलॅबसमध्ये बघा. डब्ल्यूची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर असते, हायस्कूलच्या नाही, ती आजच बघून ठेवा.