ऊसपट्ट्यातल्या पोरांनी हा विषय घ्यायलाच पाहिजे
आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्रात, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचं आणि राजकारणाचं नातं शिकवणाऱ्या विषयात, एमए करणं म्हणजे दिल्ली-लंडनच्या पोरांचं काम, हे या एमएवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही बघा. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडं उसाचं बिल कधी जमा होतंय त्याच्यावर घरातली लग्नं ठरतात, आणि त्याच साखरेच्या अनुदानावरनं ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, तक्रार घेऊन गेले, २०२१ ला निकाल भारताच्या विरोधात लागला, आपण अपील केलं पण ते ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासनं ठप्प, कारण अमेरिका नवे सदस्य नेमूच देत नाही! हे आमच्या पोरांनी नाही शिकायचं तर कुणी?

माझ्या पुतणीला हेच करायचंय, ऊस वजन करायच्या काट्याच्या पावत्या वहीत चिकटवून शेजारी साखरेचा भाव लिहिते ती. लेखात फी, स्कॉलरशिप आणि मराठी माध्यमातल्या पोरांनी इंग्रजी पेपर कसे वाचायचे, हे यायला पाहिजे होतं.