१९२.१६८.४.१ हा चीनमधला सर्व्हर नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: स्मार्ट स्विच, बल्ब किंवा प्लग जोडायला घेतला की तो स्वतःचंच वायफाय दाखवतो आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हे पान उघडतं. ते पान चीनमधल्या सर्व्हरचं आहे, म्हणून तर त्यावर ‘नॉट सिक्युअर’ दिसतं. तिथे वायफायचा पासवर्ड टाकला की फोनचं इंटरनेट बंद पडतं, ओटीपी वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. उपाय दोन: जोडणीपुरता राउटरचा पासवर्ड काढून टाका, आणि तरी जमलं नाही तर खालच्या नंबरवर फोन करा, ‘एक्स्पर्ट’ दुरूनच तुमच्या मोबाइलवर सेटिंग करून देईल.

हा मेसेज राजेंद्रनगरला माझ्या मावशीकडे पोहोचला आणि तिने पाण्याच्या मोटरसाठी आणलेला स्मार्ट स्विच परत खोक्यात घातला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मोटरचं बटण तळमजल्यावर, मावशी राहते वर आणि तिचे गुडघे कामातून गेलेले. पाणी आलं की जिना उतरायचा, टाकी भरली की पुन्हा उतरायचा. ज्या वस्तूने हे थांबलं असतं ती भीतीपोटी कपाटात गेली. मला याचा संताप आलाय.

आधी तो चीनचा सर्व्हर. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. हे इंटरनेटचे तांत्रिक नियम जिथे ठरतात त्या आयईटीएफच्या ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. तो फेब्रुवारी १९९६ चा आहे आणि कोणालाही फुकट वाचता येतो. हे पत्ते घराच्या किंवा ऑफिसच्या आतच चालतात, सार्वजनिक इंटरनेटवर त्यांना रस्ताच नसतो. शहरातल्या प्रत्येक इमारतीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो, तसा हा पत्ता घरोघरी वेगवेगळ्या वस्तूंचा असू शकतो. मग ४.१ च का? कारण अशा असंख्य उपकरणांत ईएसपी८२६६ किंवा ईएसपी३२ ही चिप असते आणि ती स्वतःचं वायफाय सुरू करते तेव्हा मुळात हाच पत्ता घेते. चिप बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी शांघायची आहे, हे खरं. पण पान त्या चिपच्या आत साठवलेलं आहे, शांघायला नाही.

विश्वास बसत नसेल तर करून बघा. राउटरची फायबरची वायर काढा, मोबाइल डेटा बंद करा, मग स्विचचं वायफाय निवडून ते पान उघडा. उघडतं. इंदूरच्या त्या खोलीबाहेर एक अक्षरही जायला वाट नाही, तरी उघडतं.

हे सगळं करावं लागतं कारण नव्या स्विचला ना कीबोर्ड ना स्क्रीन. तुमच्या वायफायचं नाव त्याला कळणार कसं? म्हणून तो थोडा वेळ स्वतःचं छोटं नेटवर्क उभारतो. पानावर आजूबाजूच्या वायफायची यादी येते, त्यातलं आपलं निवडायचं, पासवर्ड लिहायचा, सेव्ह करायचं. चिप तो स्वतःच्या मेमरीत ठेवते, रीस्टार्ट होते आणि राउटरला जाऊन मिळते. फोनचं इंटरनेट मधे बंद पडतं कारण त्या छोट्या नेटवर्कच्या मागे इंटरनेट नसतंच. फोन विचारतो, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का?’ तिथे ‘हो’ म्हणायचं. (बहुतेक असे स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय ओळखतात. यादीत आपलं नाव दिसत नाही ते बऱ्याचदा यामुळे.)

ओटीपीचं म्हणाल तर ब्राउझरमधलं असं पान तुमच्या एसेमेसचा इनबॉक्स उघडू शकत नाही. तो वाचायला ॲप लागतं आणि त्याला दिलेली परवानगी.

‘नॉट सिक्युअर’मध्ये मात्र अर्धं सत्य आहे, ते मानायला हवं. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी पानावर, म्हणजे ज्याची माहिती सांकेतिक न करता उघडी जाते-येते अशा पानावर, हा शेरा मारतं, आणि खाजगी पत्त्याला मान्यताप्राप्त संस्था सुरक्षा प्रमाणपत्र देतच नाहीत. म्हणजे शेरा असणारच. पण स्विचचं ते नेटवर्क बिनपासवर्डचं असेल तर तुमचा पासवर्ड तेवढ्या क्षणी उघडा जातो आणि नेमका तेव्हा कोणी जवळ बसून ऐकत असेल तर त्याला मिळू शकतो. त्यावर उपाय म्हणजे राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून अशी उपकरणं त्यावर ठेवणं. उपकरणाला कंपनीने दिलेला पासवर्ड असेल तर तोही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आता त्यांचे उपाय. राउटरचा पासवर्ड काढा म्हणे! एका क्षणी एक पासवर्ड कोणी ऐकेल या भीतीने सगळं घर गल्लीला उघडं करायचं. त्या कनेक्शनवरून कोणी काही भलतं केलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येणार, कारण कनेक्शन तुमच्या नावावर आहे. आणि याचा उपयोगही शून्य. बिनपासवर्डच्या वायफायला जोडलेला स्विच तुम्ही पासवर्ड परत लावलात की तुटतो, कारण त्याच्याकडे पासवर्डच नाही. मग शेवटी त्याच पानावर जाऊन तोच पासवर्ड लिहायचा, नाहीतर घर कायमचं उघडं ठेवायचं. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी स्विच जोडून बघितलाय का?

दुसरा उपाय त्याहून वाईट. दुरून मोबाइल चालवायला दिला की समोरच्याला तुमची स्क्रीन दिसते, त्यावर आलेला ओटीपीही दिसतो. दुरून मोबाइल चालवू देणाऱ्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. खातं रिकामं होण्याचा धोका या मेसेजमध्ये खरोखर कुठे असेल, तर तो त्या फोन नंबरमध्ये आहे.

कोणी पासवर्ड काढला असेल तर आजच परत लावा: राउटरच्या पानावर वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हा पर्याय निवडा आणि नवा पासवर्ड द्या. कोणी त्या नंबरवर बोलून ॲप टाकलं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही उशीर न करता १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा.