दावं तुटलं, मग जबाबदार कोण?

माझा मावसभाऊ रात्री दुचाकीवरून घरी येत होता. रस्त्यात आडवी उभी असलेली म्हैस त्याला दिसली तेव्हा अंतर उरलंच नव्हतं. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात. मी पोचलो तेव्हा म्हैस कडेला उभी होती आणि गळ्यात तुटलेल्या दाव्याचा हातभर तुकडा लोंबत होता. म्हणजे कुणाच्या तरी गोठ्यातून सुटून आलेली. सकाळी म्हैस तिथे नव्हती. मालक कोण, ते आजवर कळलं नाही.

'मुकं जनावर, सुटायचंच' हे तेव्हापासून इतक्यांदा ऐकलं! मला ते अजिबात पटत नाही. अंधारात काळं जनावर दिव्याच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही, आणि त्याने मान वळवली नाही तर डोळेही चमकत नाहीत. गाडीवाल्याने काय करायचं? दावं जीर्ण झालंय, फाटकाची कडी सैल आहे, हे फक्त मालकालाच दिसू शकतं.

इंग्लंडमध्ये १९४७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हटलं होतं की जनावर रस्त्यावर जाऊ नये म्हणून कुंपण राखणं हे रस्त्यालगतच्या जमीनमालकाचं कर्तव्यच नाही. १९७१च्या कायद्याने ते मोडीत काढलं. पुढे २००३ साली एका खटल्यात बिथरलेले घोडे कुंपण मोडून महामार्गावर आले होते. मालकांचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, तरी भरपाई त्यांच्यावरच आली. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत तर स्वच्छ लिहिलंय: जनावर ताब्यात असो, भरकटलेलं असो की सुटलेलं, नुकसानीला मालक जबाबदार. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण तिथे निष्काळजीपणा दाखवून द्यावा लागतो, आणि प्लास्टरमधल्या माणसाने दुसऱ्याच्या गोठ्यातला पुरावा आणायचा कुठून?

म्हणून माझं म्हणणं, सिद्ध करायचं ओझं मालकावर टाका. गाडीवाला सुसाट होता तर भरपाई तेवढी कमी करा. फाटक तिऱ्हाईताने उघडं टाकलं असेल तर मालकाने त्याच्याकडून वसूल करावी. दोन-चार जनावरांवर घर चालवणारा माणूस यात बुडेल ही भीती खरी आहे, मलाही वाटते. त्यासाठी वाहनांसारखा तृतीय पक्ष विमा जनावरांनाही हवा.

आणि असा अपघात दिसला तर जखमीला दवाखान्यात पोचवताना कुणीतरी मागे थांबा. दाव्याचा, कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे तो नाही.