घरचे कामगार

चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट आता १००ऐवजी ३०० कामगारांपासून सुरू होते. वडिलोपार्जित कारखाना चालवणारा माझा मित्र फोनवर म्हणतो, "आमचे कामगार घरचेच आहेत. मध्ये सरकार कशाला?"

मी जर्मनीत अशाच एका घराण्याच्या कंपनीत काम करतो, त्यामुळे त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. धंदा नातवंडांच्या हाती द्यायचा असतो म्हणून मालक मंदीतही माणसं धरून ठेवतो. फ्रान्समधल्या अभ्यासांतही दिसलं, की कौटुंबिक कंपन्यांत नोकरी जास्त टिकते. पगार मात्र कमी. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात आठ तासांची पाळी १९१२ला आली, कायद्याच्या कितीतरी आधी.

पण घरचा म्हटलेल्या माणसाने पगारवाढ मागितली की तो कृतघ्न ठरतो. युनियन काढली की घर फोडलं म्हणतात. मला सलतं ते हे. शिवाय भावाभावांत वाटण्या झाल्या की थोरल्या शेठनी दिलेला शब्द कोण पाळणार?

इथे जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी ते आपली समिती निवडू शकतात. तिचं म्हणणं न ऐकता कुणाला काढलं तर ते काढणंच रद्दबातल. ओव्हरटाइमलाही तिची संमती लागते. एकदा ऑर्डरी वाढल्या आणि आमच्या मालकीणबाईंना सगळे शनिवार हवे होते. समिती नाही म्हणाली. तीन आठवडे बोलणी चालली, महिन्याला दोन शनिवार ठरले, आणि कुणी कुणाशी अबोला धरला नाही.

इथलीही सगळी घराणी हे आनंदाने करत नाहीत. २०००हून जास्त कामगारांच्या कंपनीत व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना देणारा कायदा १९७६चा. काही बडी घराणी कंपनी भागीदारी किंवा प्रतिष्ठानाच्या रूपात ठेवून तो टाळतात.

मित्राच्या कारखान्यात २४० माणसं आहेत. १०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वर्क्स कमिटीची, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या प्रतिनिधींच्या समितीची, तरतूद आपल्याकडे १९४७पासून आहे, नव्या संहितेतही आहे. सरकारी आदेशाची वाट न पाहता त्याने ती यंदाच नेमावी, कामगारांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडू द्यावेत, असं मी त्याला सांगितलंय. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. मी विचारत राहणार आहे.